माळ्यावरच्या पेटीतली हस्तलिखितं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : नाशिकमधल्या तुमच्या शाळेला लवकरच शंभर वर्षं पूर्ण होतायत, तुम्ही स्मरणिका समितीत आहात आणि प्रयोगशाळेच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी सापडली आहे. तिच्यात चौदा हस्तलिखितं, म्हणजे मुलांनी हाताने लिहून काढलेले शाळेचे अंक, छापील वार्षिकांचे काही अंक आणि विद्यार्थ्यांच्या मंडळांच्या नावाच्या तीन वह्या आहेत. बऱ्याच अंकांवर साल नाही. ही मंडळं नेमकं काय करायची, छापील वार्षिक निघत असताना हाताने लिहिलेला, एकच प्रत असलेला अंक कशाला काढायचे आणि यातलं स्मरणिकेत काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

मी १९७६ ते २०१२ नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. त्यातली सव्वीस-सत्तावीस वर्षं हस्तलिखिताचं काम माझ्या गळ्यात होतं. गळ्यात अशासाठी म्हणते, की जूनच्या पहिल्या सभेत कामवाटप व्हायचं तेव्हा परीक्षा विभाग आणि सहली ज्येष्ठांकडे जायच्या आणि हस्तलिखित नव्या आलेल्या बाईंच्या नावावर पडायचं. पहिल्या वर्षी कपाळाला आठ्या होत्या. नंतर दुसऱ्या कुणी मागितलं असतं तरी दिलं नसतं.

हस्तलिखितं देखणी असतात, त्यामुळे सगळ्यांचे हात आधी तिकडे जातात. तुम्ही मात्र आधी वह्या उघडा. त्या मंडळांच्या इतिवृत्ताच्या वह्या असणार. मंडळाचे अध्यक्ष शिक्षक, चिटणीस वरच्या वर्गातला विद्यार्थी आणि प्रत्येक तुकडीचा एक प्रतिनिधी, अशी साधारण रचना असे. सभा बहुधा शनिवारी, सकाळच्या शाळेच्या शेवटच्या तासाला. चिटणीसाने इतिवृत्त लिहायचं आणि पुढच्या सभेत ते वाचून कायम करायचं. खर्च सत्र फीतून. वर्षभराचे ड्रॉइंग पेपर, पाहुण्या वक्त्यांचा हार-नारळ आणि त्यांना घरी सोडायला टांगा किंवा रिक्षा, एवढ्यात ते पैसे संपत.

आता आतली गोष्ट. कागदावर प्रत्येक शाळेत दहा-बारा मंडळं असायची : वाङ्मय, वक्तृत्व, विज्ञान, इतिहास, भूगोल, संस्कृत, निसर्ग, चित्रकला आणि वर शालेय मंत्रिमंडळ. त्यातली खरी जिवंत दोन किंवा तीन. बाकीची तपासणीपुरती. ओळखायचं कसं? वर्षभराची इतिवृत्तं एकाच शाईत, एकाच वळणात, एकाच दाबाने लिहिलेली दिसली तर समजा, ती शिक्षणाधिकारी येण्याच्या आदल्या संध्याकाळी बसून लिहिली आहेत. मी स्वतः दोनदा लिहिली आहेत, त्यामुळे खात्रीने सांगते. 'सभा उत्साहात पार पडली', 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्तपणे भाग घेतला' अशी वाक्यं पानोपानी आली की ते मंडळ झोपलेलं होतं. ज्या वहीत भांडण आहे, हिशेब जुळत नाही, अक्षर महिन्या-दोन महिन्यांनी बदलतं, तिथे खरोखर काहीतरी चालू होतं.

एक नमुना देते. आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाच्या जुन्या वहीत मी वाचलं होतं : 'दोन लोहचुंबकांपैकी एक परत आलेला नाही. आठवी ब कडे चौकशी करावी.' पुढच्या सभेत : 'आठवी ब ने आरोप नाकारला.' त्याच्या पुढच्या : 'लोहचुंबक सरांच्या कपाटात सापडला. आठवी ब ची क्षमा मागण्यात आली.' खाली चिटणीसाची सही आणि शेजारी, जरा लहान अक्षरात, सरांचीही. तुमच्या वह्यांत असं काही मिळालं तर ते जसंच्या तसं छापा. मुख्याध्यापकांचं मनोगत अर्ध्या पानात बसवा.

नाशिकचं एक बरं होतं की मंडळांना शाळेबाहेर जायला जागा होत्या. इतिहास मंडळ म्हटलं की पांडवलेणी ठरलेली. चोवीस लेणी चढून-उतरून पाहायची आणि तिसऱ्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या शिलालेखासमोर उभं राहून ब्राह्मीतलं एखादं अक्षर शोधायचं. डोळस शिक्षक असले तर मुलं परत येऊन फळ्यावर ती अक्षरं काढत. नसले तर भेळ खाऊन परत. निसर्ग मंडळाची मुलं हिवाळ्यात पक्षी पाहायला नांदूरमधमेश्वरला जायची. २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं आणि आता तिथे गाड्यांची रांग लागते. तेव्हा निफाडपर्यंत एसटी आणि पुढे मिळेल ते वाहन, दुर्बीण वर्गात एक, तीही कुणाच्या तरी काकांची. १९८० च्या सिंहस्थात स्काउटच्या मुलांबरोबर मी रामकुंडाच्या बाजूला पाण्याचे पेले भरत उभी होते. त्या वर्षीच्या हस्तलिखितात निम्मे लेख हरवलेल्या माणसांचे होते, कारण मुलांनी दिवसभर तेच पाहिलं होतं.

तुमची शाळा शंभर वर्षांची, म्हणजे १९२० च्या दशकातली. त्या काळच्या शाळांमध्ये मंडळाच्या प्रत्येक सभेत शिक्षक अध्यक्ष का लागायचा, हे समजायला आणखी थोडं मागे जावं लागतं. याच गावात १९०० च्या सुमारास तिळभांडेश्वराच्या गल्लीत मित्रमेळा भरायचा. विनायक दामोदर सावरकर तेव्हा हायस्कूलचे विद्यार्थी होते. मॅट्रिक झाले १९०१ मध्ये. आठवड्याला सभा, त्यात निबंधवाचन, भाषणं, कवी गोविंदांची कवनं. बाहेरून बघणाऱ्याला ते एखाद्या वक्तृत्व मंडळासारखंच दिसलं असतं. १९०४ मध्ये त्याचीच अभिनव भारत ही क्रांतिकारकांची संघटना झाली. १९०७ मध्ये सरकारने रिस्ले परिपत्रक काढलं : विद्यार्थ्यांनी राजकीय सभांना जायचं नाही, गेले तर शाळेचं अनुदान आणि शिष्यवृत्त्या धोक्यात. आणि २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये नाटक पाहायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेने गोळी झाडली. तोही विद्यार्थीच, सतरा-अठरा वर्षांचा. त्यानंतर या गावातल्या मुख्याध्यापकांना चार मुलं नियमित जमून भाषणं करतात म्हटलं की घाम फुटत असणार, असं मला कायम वाटतं. मंडळाच्या वहीत वादविवादाचा विषय आधी मंजूर करून घेतल्याची नोंद दिसली, तर ती निव्वळ शिस्त समजू नका.

म्हणूनच जुने अंक वाचताना काय लिहिलंय याइतकंच काय लिहिलेलं नाही तेही पाहा. १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर हे घडत होतं. तुमच्याकडे त्या वर्षांचा एखादा अंक असेल तर त्यात याचा एक शब्द तरी आहे का? मी पाहिलेल्या जुन्या अंकांत 'चंद्रोदय', 'आईचे प्रेम' आणि 'वेळेचे महत्त्व' होतं. नसणं हीसुद्धा माहिती आहे. स्मरणिकेत तेवढं एक वाक्य लिहायला धीर लागेल, पण लिहा.

आता हस्तलिखित का, याकडे येते. पहिलं कारण पैसा. शिशाचे खिळे जुळवून छापण्याच्या काळात चाळीस पानांचा अंक म्हणजे शाळेला मोठा खर्च, आणि फोटो हवा तर जस्ताचा ब्लॉक करायचा, त्याचे दर चौरस इंचावर. दुसरं कारण कायद्याचं. १८६७ च्या कायद्याप्रमाणे छापील मजकुरावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं घालावी लागत, आणि पुढे १९१० च्या कायद्याने छापखान्यांकडून अनामत मागायची सोय सरकारने करून घेतली. हाताने लिहिलेल्या वहीला यातलं काहीच लागू नव्हतं. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं : हस्तलिखित मुलांच्या हातात राहायचं. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. दैनिक! रोज लिहून सकाळी मुलांसमोर ठेवायचं. छापखान्याच्या भानगडीत पडले असते तर आठवड्यात थकले असते.

नाशिकला लिहित्या माणसांचा शेजार होता हेही खरं. वि. वा. शिरवाडकर इथल्याच न्यू इंग्लिश स्कूलचे, म्हणजे आताच्या रुंगटा हायस्कूलचे विद्यार्थी. वसंत कानेटकर इथल्याच एचपीटी कॉलेजात शिकवायचे. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. लेखक हा गंगापूर रोडला रिक्षातून उतरताना दिसणारा माणूस आहे, हे आमच्या मुलांना ठाऊक होतं. त्यामुळे कविता करणं फार मोठं किंवा फार वेडगळ, दोन्ही वाटायचं नाही.

अंक कसा तयार व्हायचा ते जरा सविस्तर सांगते, कारण समितीतल्या तरुण मंडळींना ते ठाऊक नसणार, आणि ठाऊक नसलं तर अंक वाचता येत नाही.

जुलैत सूचना वर्गावर्गांतून फिरायची. साहित्य गणपतीपर्यंत द्यायचं. येणाऱ्या शंभर कागदांतले साठ कुठून तरी उतरवलेले, हे कोणत्याही मराठीच्या शिक्षकाला पहिल्या ओळीत कळतं. उरलेल्यांतून निवड संपादक मंडळ करी : चार-पाच मुलं-मुली, शाळा सुटल्यावर ग्रंथालयाच्या मागच्या बाकावर. मग शुद्धलेखन तपासून पक्की प्रत करायची. त्यासाठी लेखनिक लागत, म्हणजे सुंदर अक्षराची मुलं. जुन्या अंकांत बोरू आणि टाक, चायना इंक. आमच्या वेळी शाईचं पेन. कागद मेन रोडवरून आणलेला जाड कार्ट्रिज. पेन्सिलीने हलक्या ओळी मारायच्या, लिहायचं, शाई पूर्ण वाळू द्यायची आणि मग खोडरबराने ओळी पुसायच्या. घाई केली की आख्खं पान फरफटायचं आणि लेखनिक रडकुंडीला. नाशिकरोडहून येणारी काही मुलं प्रेसमधल्या कामगारांची, म्हणजे जिथे टपाल तिकिटं आणि नोटा छापतात त्या प्रेसमधल्या. समास दोन मिलिमीटर सरकला तरी ती नाक मुरडायची. घरचे संस्कार!

चौकटी आणि चित्रं दिवाळीच्या सुट्टीत. शेवटी बांधणी. बाइंडर खळीत मोरचूद घालायचा, कीड लागू नये म्हणून. तुमच्या अंकांच्या पुठ्ठ्याच्या आतल्या कडेला निळसर-हिरवट झाक दिसली तर ती बुरशी समजून घासू नका. प्रकाशन स्नेहसंमेलनात किंवा २६ जानेवारीला, पाहुण्यांच्या हस्ते, रेशमी फीत सोडून. पाहुणे तीन पानं उलटून 'वा!' म्हणत आणि अंक कपाटात जाई.

लेखनिकांची नावं शोधा. बहुतेक अंकांत ती नसतात. मी दहावीत असताना माझ्या शाळेच्या हस्तलिखिताची छप्पन्न पानं एकटीने लिहिली होती. ऋणनिर्देशात संस्थेचे पदाधिकारी, मुख्याध्यापिका, चित्रकलेचे सर, बाइंडर, अगदी फीत आणून देणारे शिपाईमामा, सगळे होते. मी नव्हते. कुणी मुद्दाम वगळलं नाही, कुणाला आठवलंच नाही. ऋणनिर्देशाचं ते पानही मीच लिहिलं होतं, आणि आपलं नाव आपण कसं घालायचं, म्हणून गप्प बसले. स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांना बोलवाल तेव्हा पानं समोर ठेवा आणि 'हे अक्षर कुणाचं?' एवढंच विचारा. लेख कुणाचा ते लोक विसरलेले असतात. अक्षर विसरत नाहीत.

माझ्या हातूनही एक चूक झाली, ती इथे सांगायलाच हवी, कारण तुमच्या पेटीतही तिच्यासारख्या चुका असणार. १९८३ किंवा ८४ ची गोष्ट. सटाण्याकडचा एक मुलगा वसतिगृहात राहून आमच्याकडे नववीत होता. त्याने आईवर दीड पान लिहून दिलं. पहिलं वाक्य होतं : 'मनी माय वावरमा जास.' सगळं अहिराणीत. आईचं पहाटे उठणं, कांद्याची रोपं, पायाला लागलेली गार माती. मी ते 'शुद्ध' केलं. 'माझी आई शेतात जाते' असं सुरू होणारं ते दीड पान सुवाच्य अक्षरात, दोन्ही बाजूंना वेलबुट्टीसह अंकात गेलं. वाचताना ते इतर दहा 'माझी आई' निबंधांसारखंच झालं होतं, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. पुढच्या वर्षी त्याने काहीच दिलं नाही. विचारलं तर म्हणाला, "बाई, माझं अक्षर चांगलं नाही." लिहायचं काम लेखनिक करतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कितीतरी वर्षांनी कच्च्या साहित्याची फाइल चाळताना त्याचा मूळ कागद हाती लागला, वर माझ्याच लाल शाईच्या रेघा. तेव्हा पहिल्यांदा तो लेख मी खऱ्या अर्थाने वाचला.

म्हणून पेटीच्या तळाशी, पुठ्ठ्याच्या फाइलीत किंवा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले, रेघोट्या मारलेले फुलस्केप सापडले तर कचरा समजून टाकू नका. ते कच्चं साहित्य. सुंदर अंकापेक्षा त्याची किंमत जास्त असू शकते.

तसंच प्रत्येक हस्तलिखिताची शेवटची पानं बघा. तिथे 'अभिप्राय' म्हणून कोरी पानं सोडण्याची पद्धत होती. पाहुण्यांचे अभिप्राय एकसारखे असतात : 'उपक्रम स्तुत्य आहे.' पण अंक ग्रंथालयात ठेवून मुलांना वाचायला दिला जायचा त्या शाळांत मुलांचेही शेरे मिळतात. 'पान १२ वरची कविता मासिकातून उचललेली आहे, पुरावा दाखवू शकतो.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात : 'दाखव.' एकच प्रत असल्यामुळे हे घडायचं. सगळ्यांना तीच वही हाताळावी लागे, त्यामुळे वाचणारे एकमेकांना त्या वहीतच भेटत.

छापील वार्षिकांवर मी फार वेळ घालवणार नाही. त्यांत निकाल, देणगीदार, खेळांच्या संघांचे फोटो आणि जाहिराती. जाहिराती मात्र वाचाच. मेन रोड, शालिमार, भद्रकालीतली बंद झालेली दुकानं तिथे आहेत, काहींच्या फोन नंबरात तीनच आकडे आहेत. आणि गटाच्या फोटोखालची नावं टाइप करून घ्या. शंभर वर्षांच्या शाळेत स्मरणिका लोक घेतात ती आजोबांचं नाव शोधायला.

भित्तिपत्रकं आणि सायक्लोस्टाइल पत्रकं, म्हणजे स्टेन्सिल कापून यंत्रावर प्रती काढलेली, पेटीत नसतील. भित्तिपत्रक पंधरा दिवसांनी उतरवून मागच्या कोऱ्या बाजूवर पुढचं करायचे, आणि सायक्लोस्टाइलचा तो शाई शोषणारा कागद पिवळा पडून तुटतो. एखादं टिकलं असेल तर भाग्य समजा. स्टेन्सिलवर लोखंडी टोकाच्या लेखणीने लिहिताना 'ठ'चं पोट नेमकं फाटायचं आणि प्रत्येक प्रतीवर तिथे शाईचा गोळा यायचा. त्या गोळ्यांवरून स्टेन्सिल कुणी कापली हे आम्ही ओळखायचो. मी नोकरीला लागले तेव्हा आणीबाणी चालू होती. पहिल्याच महिन्यात भित्तिपत्रकावर महागाईवरची एक चारोळी लागली आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत ती जागा रिकामी झाली. कुणी काढली ते कुणी विचारलं नाही, मीही नाही. वहीत त्या दिवसाची नोंद 'भित्तिपत्रकाचे उद्घाटन झाले' अशी आहे.

आता साल नसलेल्या अंकांचं. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, डोळे लागतात. 'नाहीं', 'कांहीं', 'गांव', 'तेथें' असे अनुस्वार भरपूर असतील तर अंक बहुधा १९६२ पूर्वीचा. त्या वर्षी शुद्धलेखनाचे नवे नियम सरकारने मान्य केले आणि हे अनुस्वार गेले. पण जुन्या वळणाचे शिक्षक पुढेही काही वर्षं ते घालत राहिले, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. हिशेब बघा. 'रु. १-४-०' असं लिहिलं असेल तर रुपये-आणे-पै, म्हणजे एप्रिल १९५७ च्या आधीचं, किंवा संक्रमणाच्या एक-दोन वर्षांतलं. 'नये पैसे' हा शब्द दिसला तर १९५७ ते १९६४ च्या मधलं. पत्त्यात 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० पूर्वीचं, 'मुंबई इलाखा' असेल तर स्वातंत्र्याआधीचं. 'इंग्रजी पाचवी' असा वर्ग असेल तर तेही जुनं. तेव्हा मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिली ते सातवी अशी मोजणी होती आणि सातवी म्हणजे मॅट्रिक. लेखकाच्या नावापुढे '११ वी अ' असेल तर १९७५ किंवा त्याआधीचं. शाई बघा : ब्लू-ब्लॅक टिकते, रॉयल ब्लू उडून फिकट होते, आणि चौकटीतले रंग विटून गुलाबी-राखाडी झाले असतील तर ते स्केचपेन, म्हणजे अलीकडचं. पुराचा उल्लेख शोधा. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी, नारोशंकराची घंटा वगैरे असेल तर आधी १९६९ चा महापूर तपासा. त्या वर्षी गावातल्या प्रत्येक मुलाकडे एक पुराची गोष्ट होती.

अकरावीवरून आठवलं. मंडळं का ओसरली, असंही तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय. लोक टीव्हीला दोष देतात. माझं मत वेगळं आहे. १९७५ मध्ये दहावीचा नवा आकृतिबंध आला आणि शाळेतली अकरावी गेली. ती सोळा-सतरा वर्षांची मुलंच चिटणीस असायची, संपादक असायची. शिक्षकाशी वाद घालायची त्यांची उंची झालेली असायची. ती गेल्यावर सगळ्यात मोठी मुलं दहावीची, आणि दहावीच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेमुळे कुणी हात लावू देईना. मग कामं आठवी-नववीकडे आली, म्हणजे खरं तर शिक्षकांकडे. १९९० नंतर डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं, आलं, अंक छापून स्वस्तात निघू लागला, लेखनिकांची गरज संपली. मुखपृष्ठ छान दिसायला लागलं. मी त्या काळातही संपादक होते, पण मुलांनी तो अंक हातात घेऊन पहिल्यांदा आपला फोटो शोधला, दुसऱ्यांदा मित्राचा, आणि झालं.

हाताळणीबद्दल काही गोष्टी, या कराच. पेटी पावसाळ्यात उघडी ठेवू नका. अंक दमट असतील तर उन्हात घालू नका, सावलीत पंख्याखाली उभे उघडून ठेवा. पोस्टर कलरची पानं एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका, जाणकाराला दाखवा. सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन यांतलं काहीही नको. लॅमिनेशन करायला निघालेला एखादा उत्साही माजी विद्यार्थी प्रत्येक समितीत असतो. त्याला जेवणाच्या व्यवस्थेवर घाला. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा, कागद फाटत असेल तर राहू द्या. डांबरगोळ्या पेटीच्या कोपऱ्यात, कापडात बांधून, कागदाला लागणार नाहीत अशा. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, कोऱ्या पानांसकट आणि मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूसकट काढा. प्रत्येक फोटोच्या फाइलला अंकाचा क्रमांक आणि पान क्रमांक द्या, नाहीतर सहा महिन्यांनी 'IMG' ने सुरू होणारी हजार चित्रं उरतील आणि काही कळणार नाही.

छापताना शुद्धलेखन सुधारू नका. जुने अनुस्वार तसेच ठेवा, मुलांच्या चुकाही. ज्यांचं लेखन घेणार त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारा. सोळाव्या वर्षी लिहिलेली प्रेमाची कविता साठाव्या वर्षी सगळ्यांना छापून हवी असते असं नाही.

मी कॉलेज रोडलाच राहते, संध्याकाळी घरीच असते. वाङ्मय मंडळाच्या वहीतली पाच-सहा पानं आणि साल नसलेल्या अंकांची अनुक्रमणिका मोबाइलवर पाठवा. आणि फाइलीत कुठे 'मनी माय'सारखं काही लाल शाईने खोडलेलं दिसलं, तर ते आधी पाठवा.